हाक एक, ओ देणाऱ्या दोघी

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजन समितीने मला २० मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे, "तू नक्की काय काम करतेस ते आम्हाला कळेल असं सांग." अट ऐकायला साधी आहे. पण गेली २२ वर्षं मी हेच माझ्या आईला सांगते आहे आणि ती अजूनही शेजाऱ्यांना "ती कंप्युटरमध्ये असते" एवढंच सांगते. तेव्हा सगळं काम सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. त्यातली एकच गोष्ट सांगते. ती लहान आहे, पण तिच्यापायी एका मुलीच्या नोकरीवर बेतलं होतं.

गोष्ट आहे नावांची. हाक मारली की ओ कोण देतं, याची.

समजा, एका वर्गात दोन वैशाली आहेत. बाईंनी हजेरी घेताना नुसतं "वैशाली" म्हटलं, तर काय होईल? जी आधी "हजर" म्हणेल तिच्यापुढे खूण होईल आणि बाई पुढच्या नावाकडे वळतील. आपल्याकडे यावर तोडगा असायचा. आडनाव लावायचं, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर लावायचं, नाहीतर "उंच वैशाली" आणि "पुढच्या बाकावरची वैशाली" असं म्हणायचं. संगणकाच्या जगात हा तोडगा कोणीतरी आठवणीने करावा लागतो. केला नाही, तर हजेरी चुकीच्या मुलीच्या नावावर लागते आणि कोणालाच पत्ता लागत नाही.

आता थोडं मागे जाऊन सांगते. तुमच्या मोबाइलवरचं अ‍ॅप असो की बँकेतला प्रोग्रॅम, तो कोणी एकटा पूर्णपणे स्वतः लिहीत नाही. तारीख काढणं, फाइल दाबून लहान करणं, मजकूर छापणं ही कामं आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या संग्रहाला आम्ही लायब्ररी म्हणतो. शब्द आपल्या शाळेच्या वाचनालयाचाच. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम लागणाऱ्या पुस्तकाची स्वतःची प्रत घरी आणून ठेवायचा. शंभर प्रोग्रॅम, तर एकाच पुस्तकाच्या शंभर प्रती. त्या काळी मेमरी महाग होती, म्हणून युक्ती निघाली की पुस्तकाची एकच प्रत वाचनालयात ठेवायची आणि सगळ्यांनी तीच वाचायची. ही शेअर्ड लायब्ररी. युनिक्सच्या जगात सन कंपनीने १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ती आणली. पुढे सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीत त्यासाठी एल्फ नावाचा फाइलचा साचा ठरला, आणि आज लिनक्सवर तोच साचा चालतो.

एकच प्रत सगळ्यांची झाली, की एक प्रश्न उभा राहतो. प्रोग्रॅम म्हणतो, "मॅलॉक कुठे आहे?" मॅलॉक हे मेमरी मागून घेणाऱ्या कामाचं नाव. अशा नावाला आम्ही सिम्बॉल म्हणतो. त्या नावामागचा खरा पत्ता शोधून दोघांची गाठ मारणं म्हणजे बाइंडिंग. ही गाठ दोन टप्प्यांत बसते. प्रोग्रॅम तयार होताना लिंकर नावाचं साधन कोणाकोणाला हाक मारायची त्याची यादी करून ठेवतं. प्रोग्रॅम सुरू होताना डायनॅमिक लिंकर नावाचा दुसरा गडी ती यादी घेऊन खरोखर हाका मारतो.

हाका मारायचा नियम असा. सगळ्यात आधी मुख्य प्रोग्रॅमला विचारायचं, मग लायब्ऱ्यांना एका ठरलेल्या क्रमाने. त्या नावाला जो पहिला ओ देईल, त्याच्याशी गाठ. पुढे कोणी त्याच नावाचं बसलंय का, हे बघायचंच नाही. आणि मोठी गंमत पुढे आहे. एखाद्या लायब्ररीला स्वतःच्याच पोटातलं काम हवं असलं, तरीही ती सरळ स्वतःकडे वळत नाही. तीसुद्धा हाक सगळ्या वर्गाला मारते. म्हणजे ब तुकडीतल्या बाईंनी स्वतःच्या वर्गातल्या वैशालीला हाक मारली, तरी अ तुकडीतली वैशाली आधी बसली असेल तर ओ तीच देणार.

हा वेडेपणा वाटतो, पण तो जाणूनबुजून केलेला आहे. जुन्या पद्धतीत, जेव्हा प्रत्येकाची प्रत वेगळी असे, तेव्हा प्रोग्रॅमने स्वतःचा मॅलॉक लिहिला तर सगळीकडे तोच वापरला जायचा. ही सोय नव्या पद्धतीतही राहावी असं त्या लोकांना वाटलं. तिचा उपयोगही आहे. लिनक्सवर एलडी प्रीलोड नावाची एक सोय आहे. तिने आपण आपली लायब्ररी रांगेत पुढे नेऊन बसवू शकतो आणि मूळ प्रोग्रॅमला हात न लावता त्याच्या मॅलॉकच्या जागी आपला मॅलॉक देऊन कुठे मेमरी वाया जाते ते मोजू शकतो. मी हे अनेकदा केलं आहे.

मॅक आणि विंडोजवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. तिथे हाक मारताना नावाबरोबर तुकडीही सांगतात. "अमुक लायब्ररीतली वैशाली" असं. मॅकवर ही दुपदरी पद्धत २००१ च्या १०.१ आवृत्तीपासून आहे. लिनक्सवर मात्र मुळातला नियम तोच राहिला, पहिला ओ देईल तो.

आता त्या मुलीची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी काम करत होते, तिथे आम्ही वीजमीटरचे आकडे गोळा करणारं एक छोटं उपकरण बनवत होतो. आत लिनक्स. रोज रात्री या उपकरणाला केंद्रातून एक दाबलेली फाइल जायची, त्यात दुसऱ्या दिवसाच्या सूचना असायच्या. एका नव्या आवृत्तीनंतर उपकरणं ही फाइल नाकारायला लागली. कारण दाखवायची, "फाइल खराब आहे." फाइल केंद्रात तपासली तर व्यवस्थित. तीच फाइल माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर उघडली, तर उघडली.

त्याच आवृत्तीत आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीचं काम गेलं होतं. फाइल उतरवून घेणारा भाग तिने सुधारला होता. पहिलीच नोकरी, प्रोबेशनचे सहा महिने चालू. मग काय, सगळ्यांची बोटं तिच्याकडे. बैठकीत एक वरिष्ठ म्हणाले, "फाइल तिने आणली, फाइल खराब झाली, अजून काय शोधायचं?" तिने तिचं काम मागे घेऊन दाखवलं. तरी फाइल खराबच. त्यावर उत्तर आलं, "नीट मागे घेतलं नसेल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मॅडम, उतरलेल्या फाइलमधला एकेक बाइट मूळ फाइलशी जुळतोय. मी ताडून बघितलाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. एकेक बाइट जुळतोय, आणि तरी यंत्र म्हणतं खराब. मग खराब कोण ठरवतंय?

इथे मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. आठवतं ना, उत्तर आलं की बाई लगेच विचारायच्या, "ताळा केला का?" नऊचा ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज करत एका अंकावर यायचं. ३४७ चा ताळा? तीन, चार, सात, चौदा, एक आणि चार, पाच. फाइलचंही तसंच असतं. दाबलेल्या फाइलच्या शेवटी तिचा ताळा लिहिलेला असतो. उघडणारा तो पुन्हा मोजतो. जुळला तर फाइल चांगली, नाही जुळला तर खराब. हा ताळा काढणाऱ्या कामाचं नाव सीआरसी३२. दाबलेल्या फाइली उघडणारी झेडलिब नावाची जी लायब्ररी जगभर वापरली जाते, तिच्यात या नावाचं काम आहे.

आता विचार करा. पाठवणाऱ्याने नऊचा ताळा लिहिला आणि तपासणाऱ्याने अकराचा काढला, तर? ३४७ चा नऊचा ताळा पाच. ३४७ ला अकराने भागलं तर बाकी सहा. आकडा तोच, गणित दोन्ही बरोबर, पण ताळा जुळणार नाही आणि आपण म्हणू, "बेरीज चुकली."

नेमकं हेच झालं होतं. मीटरशी बोलण्यासाठी आम्ही एका पुरवठादाराची तयार लायब्ररी घेतली होती. मीटरच्या निरोपांचा ताळा काढायला तिच्यातही एक काम होतं, आणि त्याचंही नाव सीआरसी३२. मागायची माहिती तीच, तिचा क्रमही तोच, फक्त मोजायची रीत जराशी वेगळी. झेडलिब मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळे बिट उलटे करते, पुरवठादाराची लायब्ररी तसं करत नव्हती. एका नावाच्या दोन वैशाली झाल्या.

"मग आधी इतके महिने कसं चाललं?" हाच प्रश्न मलाही पडला. उत्तर रांगेत होतं. आधी लायब्ऱ्यांच्या यादीत झेडलिब पुढे होती. नव्या आवृत्तीच्या वेळी प्रोग्रॅम तयार करणारं साधन बदललं, आणि नवं साधन यादी वर्णानुक्रमे लावायचं. झेड हे तर इंग्रजीचं शेवटचं अक्षर. झेडलिब रांगेत मागे गेली, पुरवठादाराची लायब्ररी पुढे आली. झेडलिबने स्वतःच्याच सीआरसी३२ ला हाक मारली, ओ दुसरीनेच दिली, आणि चांगली फाइल खराब ठरली. आमच्या चाचणीच्या यंत्रावर जुनंच साधन होतं, त्यामुळे तिथे सगळं हिरवं दिसत होतं.

हे अंदाजाने सांगून चाललं नसतं. लिनक्सवर एलडी डीबग नावाची एक सोय आहे. ती चालू केली की डायनॅमिक लिंकर मारलेली प्रत्येक हाक आणि दिलेली प्रत्येक ओ लिहून काढतो. हजारो ओळी येतात. त्यातली एक ओळ सांगत होती की झेडलिबच्या सीआरसी३२ ची गाठ पुरवठादाराच्या लायब्ररीशी बांधली आहे. मी ती ओळ छापली आणि बैठकीत टेबलावर ठेवली. त्या मुलीच्या कामाचा त्यात कुठेही संबंध नव्हता, हे वेगळं सांगावं लागलं नाही. तरी मी ते सांगितलं, मोठ्याने, आणि इतिवृत्तात लिहायलाही लावलं. कारण आरोप भर बैठकीत झाला होता.

पुरवठादाराशी बोलणं मात्र लांबलं. त्यांचं म्हणणं, "आमच्या लायब्ररीच्या सगळ्या चाचण्या पास आहेत." आणि ते खरं होतं. त्यांनी लायब्ररी बनवताना लिंकरला बी-सिम्बॉलिक नावाची सूचना दिली होती. या सूचनेचा अर्थ, माझ्या वर्गातून हाक गेली तर आधी माझ्याच वर्गात बघ. म्हणून रांग कशीही लागो, त्यांच्या हाकेला त्यांचीच सीआरसी३२ ओ देत होती. त्यांचं घर सुरक्षित होतं. पण त्यांची वैशाली बाहेरच्या हाकेलाही ओ देत होती, ते त्यांनी बंद केलं नव्हतं. त्रास त्यांना कधी झालाच नाही, तो झेडलिबला झाला.

ते बंद करायचीही सोय आहे. लायब्ररी बनवताना सांगता येतं की आतली सगळी नावं बाहेर लपलेली समज, आणि फक्त मी देते त्या यादीतली नावं बाहेर दाखव. आपल्याकडे घरातलं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं असतं ना? घरात "बबडी" म्हणोत की "छकुली", शाळेच्या हजेरीत ते येत नाही. लायब्ररीतल्या मदतनीस कामांची नावं अशी घरातली ठेवायची. हा खरा बंदोबस्त. यात आपल्या हाका बाहेर जात नाहीत आणि परक्या हाकांना आपण ओही देत नाही. शेवटी पुरवठादाराने तसं केलं. तोवर आम्ही यादीचा क्रम हाताने पक्का करून उपकरणं चालू ठेवली.

कोणी म्हणेल, मग सगळीकडे बी-सिम्बॉलिकच का नाही लावत? त्याचाही तोटा आहे. काही गोष्टी खरोखरच सगळ्यांत मिळून एक असाव्या लागतात. शाळेचं घड्याळ घ्या. कार्यालयात एक, वर्गात दुसरं, आणि दोघांची वेळ वेगळी, तर घंटा कोणत्या वेळेला द्यायची? काही वेळा मुख्य प्रोग्रॅम लायब्ररीतल्या अशा सामाईक आकड्याची जागा स्वतःकडे घेतो आणि लायब्ररीनेही तीच जागा वापरावी अशी रीत असते. बी-सिम्बॉलिक लावलं तर लायब्ररी आपलंच जुनं घड्याळ बघत बसते. म्हणून कामांपुरतंच लागू होणारं त्याचं सौम्य रूपही आहे. कुठली सूचना कुठे द्यायची, हे ज्याने लायब्ररी लिहिली त्याने ठरवायचं असतं.

या गाठींचा वेगाशीही संबंध आहे. पायथन ही भाषा आता शाळेतली मुलंसुद्धा शिकतात. फेडोरा नावाच्या लिनक्समध्ये पायथनचा गाभा शेअर्ड लायब्ररीत असतो. त्या लायब्ररीतलं एक काम दुसऱ्याला हाक मारताना दर वेळी पत्त्यांच्या वहीतून वळसा घालून जायचं. मधेच कोणी दुसरा ओ देणारा येईल, या शक्यतेसाठी. २०२० साली आलेल्या फेडोरा ३२ मध्ये त्यांनी कंपायलरला सांगितलं की असा मधे येणारा कोणी नाही असं धरून चाल. तेवढ्याने, कामागणिक, ५ ते २७ टक्के वेग वाढला. पायथनच्या ३.१० आवृत्तीपासून खुद्द पायथननेच वेगवान बांधणीसाठी ही सूचना आपलीशी केली.

आणि सुरक्षेशीही आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की त्याच्या यंत्रावर दूरून लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण सोडून दिला असता. त्याने मागोवा घेतला, तेव्हा फाइली दाबणाऱ्या एक्सझेड नावाच्या संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरलेली निघाली. ती चोरवाट प्रोग्रॅम सुरू होताना, हाका मारण्याच्या त्या वेळेतच, डायनॅमिक लिंकरच्या कामात घुसायची आणि लॉगिन तपासणाऱ्या एका कामाच्या नावाची गाठ स्वतःशी बांधून घ्यायची. गाठी बांधून झाल्या की पत्त्यांच्या वहीला कुलूप लावायची पद्धत आहे. या चोराने कुलूप लागायच्या आधीचा क्षण साधला होता. बहुतेक ठिकाणी ती आवृत्ती पोहोचायच्या आत हे उघडकीला आलं, कारण एका माणसाने अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागितला.

असं हे माझं काम. बराचसा वेळ मी कोणाच्या हाकेला कोणी ओ दिली, एवढंच शोधत असते. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. चाललं तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि बिघडलं तर बहुधा जो जवळ उभा असतो त्याच्यावर येतं. त्या मुलीवर आलं होतं तसं. ती त्या वेळी नोकरी सोडून घरी परत जायच्या विचारात होती, हे तिने मला नंतर सांगितलं. घरी सांगणार काय, तर "मला जमत नाही." तिला जमत होतं. बाइट न बाइट ताडून बघणारी मुलगी होती ती. पुढे तिचं प्रोबेशन व्यवस्थित पूर्ण झालं आणि आता आमच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना ती स्वतः शिकवते. पहिल्याच दिवशी एलडी डीबग शिकवते, असं ऐकते.

इथे बसलेल्यांपैकी काही जण माझ्याच क्षेत्रात आहेत. त्यांना एक विनंती. उद्या कामावर गेल्यावर तुमची लायब्ररी बाहेर किती नावं दाखवते ती यादी एकदा काढून बघा. दहा नावं दाखवायची गरज असताना हजार बाहेर दिसतील. ज्यांची मुलं या क्षेत्रात नव्याने जात आहेत त्यांनी मुलांना सांगा, आपलं काम ताडून बघितलं असेल तर ते शांतपणे पुन्हा पुन्हा सांगायला लाजू नका.

आणि बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. नऊचा ताळा मी आयुष्यात परत कधी उपयोगाला येईल असं समजले नव्हते. पण त्या बैठकीत, फळ्यावर ३४७ लिहून, एकदा नऊने आणि एकदा अकराने, मी तोच समजावला. समोर बसलेल्या वरिष्ठांना सीआरसी कळलं नव्हतं. ताळा लगेच कळला. तेही मराठी शाळेतलेच होते.

जेवणाची वेळ झाली आहे, तेव्हा थांबते.